औद्योगिक भांगेचे पीक: परवान्यापासून वाखापर्यंत

शेतकरी प्रशिक्षण वर्गांत आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बैठकांत अलीकडे एक प्रश्न हमखास येतो: ‘हेम्प नावाचे पीक आपल्याकडे होईल का, आणि होत असेल तर त्याचे बी कुठे मिळेल?’ हेम्प म्हणजे औद्योगिक भांग. विचारणाऱ्याच्या मोबाइलवर बहुधा एखादी चित्रफीत असते. तीत या एकाच झाडापासून कापड, कागद, विटा आणि खाद्यतेल तयार होताना दाखवलेले असते आणि शेवटी एकरी उत्पन्नाचा एक भला मोठा आकडा येतो. प्रश्न योग्य आहे, पण त्याचा क्रम उलटा आहे. या पिकात बी सर्वांत शेवटी येते. आधी परवाना, मग ग्राहक, मग वाण, आणि हे तीनही कागदावर पक्के झाल्यानंतर बियाण्याची पिशवी. सोयाबीन किंवा हरभऱ्याप्रमाणे ‘पेरून तर पाहू’ असे येथे करता येत नाही, कारण या पिकातले नफा-तोटा आणि कायदेशीर-बेकायदेशीर हे दोन्ही निकाल पेरणीच्या आधीच लागलेले असतात. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. शेतकऱ्यांना या पिकाची माहिती देणाऱ्या कृषी कार्यकर्त्यांनीही हाच क्रम पाळावा, असा माझा आग्रह आहे.

नावापासून सुरुवात

वर्गात पहिला अर्धा तास नावांवर घालवावा लागतो आणि तो वाया जात नाही. औद्योगिक भांग, गांजा आणि चरस ही वेगवेगळी झाडे नाहीत. वनस्पती एकच आहे, कॅनाबिस सटायव्हा. भारतीय कायद्यात गांजा म्हणजे या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे, आणि चरस म्हणजे त्याची राळ. शेंड्यांविना असलेली पाने आणि बी गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. औद्योगिक भांग म्हणजे याच वनस्पतीचे असे वाण, ज्यांत नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य अत्यल्प असते. अनेक देशांनी ही सीमा वाळलेल्या फुलोऱ्याच्या वजनाच्या 0.3 टक्के इतकी धरली आहे. नशेसाठी निवडून वाढवलेल्या झाडांत हेच प्रमाण 10 टक्क्यांच्याही वर जाते. 0.3 हा आकडा 1976 मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचवला होता, पुढे तोच कायद्यांत शिरला. शेतकऱ्याने यातून एक गोष्ट मनात पक्की धरावी: नुसत्या डोळ्यांनी, पानावरून, उंचीवरून किंवा वासावरून झाड सीमेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे कोणालाही सांगता येत नाही. ते प्रयोगशाळाच सांगते.

दुसरा गोंधळ आपल्या भाषेतला आहे. आपण हिरवळीच्या खतासाठी जो ताग किंवा बोरू पेरतो, त्याला इंग्रजीत ‘सनहेम्प’ म्हणतात. ते शेंगावर्गीय पीक आहे, त्याचा भांगेशी कसलाही संबंध नाही आणि त्याला परवाना लागत नाही. अंबाडीलाही काही ठिकाणी ‘डेक्कन हेम्प’ असे नाव आहे, तीही भेंडी-कापसाच्या कुळातली. ‘हेम्प बियाणे’ अशी जाहिरात पाहून पैसे भरणाऱ्याला यांपैकी काहीही मिळू शकते. ताग मिळाला तर नुकसान फक्त पैशांचे, पण खरोखर भांगेचे बी मिळाले आणि ते परवान्याविना पेरले, तर पुढचा विषय शेतीचा राहत नाही.

परवाना: येथे घाई करू नये

भारतात या पिकाचे भवितव्य 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याच्या चौकटीत ठरते. कलम 8 नुसार भांगेच्या झाडाची लागवड करण्यास मनाई आहे. कलम 14 मध्ये मात्र एक दार ठेवलेले आहे: केवळ तंतू किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक हेतूसाठी, अथवा उद्यानविद्येसाठी, शासन सर्वसाधारण किंवा विशेष आदेशाने आणि अटी घालून लागवडीस परवानगी देऊ शकते. कलम 10 ने राज्यांना या लागवडीचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. अमली पदार्थांविषयीच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातही तंतू आणि बियाण्यासाठीची लागवड नियंत्रणाबाहेर ठेवलेली आहे. म्हणजे कायदा या पिकाला सरसकट नकार देत नाही, पण राज्याचा आदेश आल्याशिवाय होकारही देत नाही.

उत्तराखंडाने हे दार सर्वप्रथम उघडले. 2018 मध्ये तेथे औद्योगिक भांगेच्या लागवडीचा पहिला परवाना दिला गेला आणि टीएचसीची सीमा 0.3 टक्के ठेवण्यात आली. या राज्याची निवड अपघाताने झालेली नाही. गढवाल आणि कुमाऊँच्या डोंगरांत भांग आपोआप उगवते, तिच्या भाजलेल्या दाण्यांची चटणी तेथल्या रोजच्या जेवणात असते आणि सालीच्या तंतूंपासून जाडेभरडे कापड व दोर करण्याची रीत जुनी आहे. हिमाचल प्रदेशाने 2025 मध्ये पालमपूर आणि नौणी येथील विद्यापीठांमार्फत नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली.

महाराष्ट्रात उत्तराखंडासारखी परवाना व्यवस्था नाही. म्हणून आपल्या शेतकऱ्याने आज स्वतःच्या शिवारात भांगेचे एकही झाड लावू नये, मग बियाण्याच्या पिशवीवर काहीही छापलेले असो. कलम 20 नुसार बेकायदा लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेले कलम 46 आहे. आपल्या जमिनीत अशी बेकायदा लागवड असल्याचे कळताच पोलिसांना किंवा संबंधित विभागाच्या अधिकाऱ्याला तत्काळ कळवणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे आणि जाणूनबुजून न कळवणे हाही गुन्हा आहे. त्यामुळे ‘जमीन तुमची, बाकी सगळे कंपनीचे, तुम्हाला वर्षाचे भाडे’ असा प्रस्ताव घेऊन कोणी दारात आले, तर सातबारा ज्याच्या नावाचा त्याची जबाबदारी भाडेपट्टीने संपत नाही, हे लक्षात ठेवावे. शासनाच्या मूळ आदेशाची प्रत, त्यावर गट क्रमांक, क्षेत्र आणि मुदत यांचा उल्लेख, आणि ती प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात खरी असल्याची स्वतः केलेली खातरजमा, एवढे झाल्याशिवाय सही करू नये. ‘परवाना प्रक्रियेत आहे’ हा परवाना नव्हे.

ग्राहक कोण, आणि तो नेमके काय घेणार

भांगेचे उत्पन्न एका वस्तूचे नसते. खोडाच्या सालीतून लांब तंतू निघतो, म्हणजे आपल्या भाषेत वाख. आतल्या लाकडासारख्या गाभ्याचे तुकडे चुन्यात मिसळून भिंतीसाठी किंवा जनावरांखाली अंथरण्यासाठी वापरतात. अंबाडी सोलल्यावर उरणाऱ्या सणकाडीसारखाच हा भाग असतो आणि खोडाच्या वजनात त्याचा वाटा सुमारे 70 टक्के असतो. तिसरी वस्तू म्हणजे दाणे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर 2021 मध्ये भांगेचे दाणे, त्यांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. मात्र दाण्यांत टीएचसी किलोमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा आणि तेलात 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, आणि विक्रीचे दाणे उगवणारे नसावेत अशा अटी आहेत. फुले आणि पाने या मान्यतेत येत नाहीत.

खोडासाठी आणि दाण्यांसाठी वाण वेगळे, पेरणीचे अंतर वेगळे आणि काढणीची वेळ वेगळी असते. ‘आधी पीक तर येऊ द्या, मग वाख विकू नाहीतर दाणे’ हे येथे चालत नाही. वाखाचे पीक दाणे भरण्याआधी कापावे लागते आणि दाण्यांसाठी थांबले की वाख जाड व राठ होतो. म्हणून ग्राहक पेरणीच्या आधी ठरवायचा आणि त्याच्याशी लेखी करार करायचा. करारात दर हवाच, पण त्याहून महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत. माल किती ओलाव्याला घेणार? गिरणी किती किलोमीटरवर आहे आणि वाहतूक कोणाची? प्रयोगशाळेच्या अहवालात टीएचसी सीमेबाहेर निघाले आणि पीक नष्ट करावे लागले, तर लागवडीचा खर्च कोण सोसणार? बियाणे कंपनीनेच दिलेले असेल, तर या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘शेतकरी’ असे असता कामा नये. वाळलेली खोडे वजनाला हलकी आणि जागेला अवजड असतात. साल वेगळी करणारे यंत्र जवळपास नसेल, तर मालमोटारीचे भाडेच सारा नफा खाऊन टाकते.

बाजाराबाबत अमेरिकेचा अनुभव प्रत्येक वर्गात सांगावा असा आहे. तेथे 2018 च्या शेती विधेयकाने औद्योगिक भांग कायदेशीर केली आणि हजारो शेतकरी सीबीडी या औषधी द्रव्याच्या आशेने तिच्याकडे वळले. माल तयार झाला तेव्हा तो घेणारे कारखाने तेवढे नव्हते. अमेरिकी कृषी खात्याच्या नोंदींप्रमाणे 2021 मध्ये देशातल्या भांगेच्या उत्पादनाचे मूल्य 82.4 कोटी डॉलर होते आणि पुढच्याच वर्षी, 2022 मध्ये, ते 23.8 कोटी डॉलरवर आले. हे शेतकरी अडाणी नव्हते आणि त्यांचे पीकही वाईट आले नव्हते. त्यांनी ग्राहकाचा प्रश्न पेरणीनंतर विचारला, एवढेच.

वाण: दिवसाच्या लांबीचे गणित

या पिकाबद्दल मला सर्वांत जास्त वेळ घालवावासा वाटतो तो येथे, कारण परदेशी पुस्तिकांतला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा का लागू होत नाही, याचे उत्तर वाणात आहे. भांग दिवसाच्या लांबीला प्रतिसाद देणारे पीक आहे. दिवस मोठा असेपर्यंत ती उंच वाढत राहते आणि दिवस एका ठराविक लांबीच्या खाली उतरला की फुलोऱ्याला येते. वाणानुसार ही मर्यादा साधारण 12 ते 14 तासांच्या दरम्यान असते. फ्युतुरा 75 किंवा फेलिना 32 यांसारखे फ्रेंच वाण जेथे तयार झाले, तेथे जूनमध्ये दिवस 16 तासांच्या आसपास असतो. डेहराडूनला तो सुमारे 14 तासांचा असतो आणि महाराष्ट्रात सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या जवळपासच राहतो. म्हणजे युरोपात तीन मीटर वाढणारे वाण आपल्या अक्षांशावर जूनमध्ये उगवून वर आले, की त्याला पहिल्या दिवसापासून ‘दिवस लहान झाला’ असाच संदेश मिळतो. झाड गुडघा-मांडीएवढे असतानाच फुलते, खोड वाढत नाही आणि वाख मिळत नाही. चीनच्या युन्नान प्रांतात, सुमारे 25 अंश अक्षांशावर, स्थानिक वाणांवर वेगळे काम करावे लागले त्यामागे हेच कारण आहे. त्यामुळे बियाणे विक्रेत्याला पहिला प्रश्न ‘उत्पादन किती?’ असा विचारू नये. ‘हे वाण कोणत्या अक्षांशावर तयार झाले आणि आपल्या अक्षांशावर किती हंगाम तपासले?’ असा विचारावा.

मग स्थानिक भांगच का वापरू नये? हिमालयातल्या स्थानिक भांगेचा दिवसाच्या लांबीशी मेळ बसलेला आहे, पण तिच्यातले टीएचसी अनेकदा 0.3 टक्क्यांच्या वर जाते. हवामानाला जुळणारे झाड कायद्याला जुळत नाही आणि कायद्याला जुळणारे हवामानाला, ही उत्तराखंडातली खरी अडचण आहे. ती सोडवायला संशोधन केंद्रांना अनेक पिढ्यांची निवड करावी लागते. 2012 च्या राष्ट्रीय अमली पदार्थ धोरणातही कमी टीएचसीच्या वाणांच्या संशोधनाला आणि चाचण्यांना प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतलेली आहे, ती याचसाठी.

आपल्या शेतकऱ्याची एक चांगली सवय येथे सोडावी लागते, ती म्हणजे घरचे बी राखण्याची. भांगेत नर आणि मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात आणि परागण वाऱ्याने होते. हे पराग वाऱ्याबरोबर काही किलोमीटर जाऊ शकतात. आजूबाजूच्या डोंगरावर रानभांग असेल, तर प्रमाणित वाणापासून धरलेल्या घरच्या बियाण्यात पुढच्याच पिढीत तिचे गुण उतरू शकतात. त्यामुळे दर हंगामाला प्रमाणित बियाणेच घ्यावे आणि पिशवीवरची खूणचिठ्ठी, पावती व वाणाचा टीएचसी अहवाल परवान्याच्या फाइलीत ठेवावा. परदेशातून बियाणे आणायचे झाल्यास 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. कुरिअरने आलेली पुडी या नियमात बसत नाही.

जमीन आणि पेरणी

भांगेला निचऱ्याची, मोकळी, मध्यम पोताची जमीन मानवते आणि सामू 6 ते 7.5 असल्यास उत्तम. पाणी साचणे तिला अजिबात सोसत नाही. उगवणीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत शेतात दोन दिवस पाणी उभे राहिले, तर रोपे पिवळी पडून खुंटतात आणि पुढे सावरत नाहीत. भारी, चोपण किंवा पाणथळ काळी जमीन तिच्यासाठी नाही. मूळ सोटमूळ असल्याने नांगराखालचा घट्ट थर फोडलेला असावा. बी बारीक असते, म्हणून कुळवाच्या पाळ्या देऊन वरचा थर रवाळ करावा, पण पिठासारखा करू नये, कारण पहिल्या पावसानंतर त्यावर पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच वाकतो.

पेरणी वाफशावर, दीड ते अडीच सेंटिमीटर खोलीवर करावी. यापेक्षा खोल गेलेले बी बहुधा वर येत नाही. वाखासाठी ओळींत 10 ते 20 सेंटिमीटर अंतर आणि दर चौरस मीटरला सुमारे 200 झाडे धरतात, म्हणजे झाडे दाटीने सरळ वर जातात, फांद्या फुटत नाहीत आणि वाख लांब मिळतो. दाण्यांसाठी झाडे विरळ, साधारण निम्मी ठेवतात.

बियाण्याचे प्रमाण पुस्तकातून उतरवून न घेता स्वतः काढावे, ते असे. परवानाधारक शेतकऱ्याने पिशवीतले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. सातव्या दिवशी गुंडाळी उघडून निरोगी मूळ फुटलेले दाणे मोजावेत. समजा, ते 85 निघाले. आता हजार दाणे मोजून वजन करावे, ते समजा 18 ग्रॅम भरले. दर चौरस मीटरला 200 झाडे हवीत म्हणजे 3.6 ग्रॅम, हेक्टरी 36 किलो. उगवण 85 टक्के असल्याने हे 42 किलोंवर जाते. शेतात पक्षी, पापुद्रा आणि मर यांत आणखी 30 टक्के जातील असे धरले, की आकडा 60 किलोंवर पोहोचतो, म्हणजे एकरी साधारण 24 ते 25 किलो. हेच बी जुने निघून उगवण 60 टक्क्यांवर आली असती, तर एकरी 34 किलोंहून जास्त लागले असते. भांगेचे बी तेलबियांप्रमाणे लवकर उगवण गमावते, त्यामुळे ही चाचणी टाळून चालत नाही.

खताची मात्रा माती परीक्षणावर ठरवावी. परदेशातील शिफारशी हेक्टरी 100 किलो नत्राच्या आसपास फिरतात. ‘हे पीक खताविना येते’ असे जे सांगितले जाते ते खरे नाही. तीन महिन्यांत हेक्टरी सहा-सात टन वाळलेले खोड उभे करणारे कोणतेही पीक जमिनीतून तेवढे अन्न उचलतेच. पाण्याचेही तसेच आहे. हंगामात 500 ते 700 मिलिमीटर पाणी लागते आणि पहिल्या सहा आठवड्यांत ओल तुटली तर दाटी होत नाही. उसाशी तुलना केली तर हे पीक पाणी वाचवते, बाजरीशी किंवा मटकीशी केली तर नाही.

उभे पीक

दाट पेरलेले वाखाचे पीक महिन्याभरात जमीन झाकते आणि तणाला दाबते. विरळ पेरलेल्या दाण्यांच्या पिकात मात्र एक-दोन खुरपण्या कराव्या लागतात. तणनाशक किंवा कीटकनाशक यांच्या वेष्टनावर या पिकाचे नाव नसेल, तर ते फवारू नये, विशेषतः दाणे खाण्यासाठी जाणार असतील तेव्हा. हरभऱ्यावरची आपल्या ओळखीची घाटेअळी भांगेच्या फुलोऱ्यावरही येते आणि दमट हवेत फुलोऱ्याला करडी बुरशी लागते. दाणे भरताना पक्ष्यांची राखण करावीच लागते. याशिवाय फेरपालट सोडू नये, कारण सूर्यफूल आणि सोयाबीनवर येणारी खोडकुजीची पांढरी बुरशी भांगेवरही जगते.

काढणीआधीची तपासणी

हा टप्पा इतर कोणत्याही पिकात नाही, म्हणून शेतकऱ्याच्या सवयीत तो बसत नाही. टीएचसी मोजण्यासाठी नमुना शेंड्याकडच्या फुलोऱ्याचा घेतला जातो. अमेरिकी नियमात तो काढणीच्या आधीच्या 30 दिवसांत आणि अधिकृत प्रतिनिधीकडूनच घ्यावा लागतो. अहवाल वाचताना एक चूक वारंवार होते. कच्च्या झाडात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते आणि उष्णतेने त्याचे टीएचसी होते, म्हणून एकूण प्रमाण काढताना आम्लाच्या आकड्याला 0.877 ने गुणून ते टीएचसीत मिळवतात. समजा, अहवालात टीएचसी 0.05 टक्के आणि आम्ल 0.30 टक्के असे दिले आहे. दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर सीमेच्या आत दिसतात. पण 0.30 गुणिले 0.877 म्हणजे 0.263, आणि त्यात 0.05 मिळवले की 0.313. पीक सीमेबाहेर गेले. फुलोरा जसजसा पक्व होतो तसतसा हा आकडा वाढत जातो, म्हणून पीक ‘अजून आठवडाभर राहू द्यावे’ हा निर्णय आधीचा अहवाल पाहिल्याशिवाय घेऊ नये. परवान्यात पूर्वतपासणीची मुभा असेल, तर फुलोरा सुरू होताच एकदा स्वखर्चाने नमुना द्यावा. तो खर्च पीक नष्ट करण्यापेक्षा कितीतरी कमी असतो.

काढणी, वाळवण आणि वाख

दाण्यांचे पीक वाणानुसार 100 ते 120 दिवसांत तयार होते. सगळे दाणे एकदम पिकत नाहीत. शेंड्यावरचे हिरवे असताना खालचे गळायला लागतात, म्हणून 70 ते 80 टक्के दाणे पक्व दिसताच कापणी करावी. त्यापुढे थांबले तर जास्त दाणे जमिनीवर आणि पक्ष्यांच्या पोटात जातात. मळणी झालेला माल ओलसर असतो आणि ढीग करून रात्रभर ठेवला, तर हात घालवणार नाही इतका तापतो, तेलाला खवट वास येतो आणि खाद्यमाल म्हणून तो बाद होतो. म्हणून त्याच दिवशी तो पातळ थरात, सावलीत, वारा लागेल असा पसरावा, दर दोन तासांनी उलटावा आणि ओलावा 8 ते 9 टक्क्यांवर आल्यावरच पोत्यांत भरावा. यंत्राने मळणी करायची असेल, तर मळणीयंत्राच्या आसाभोवती वाख गुंडाळला जाऊन यंत्र अडकते आणि घर्षणाने आग लागण्याचाही धोका असतो. मधूनमधून यंत्र पूर्ण बंद करूनच तो कापून काढावा.

वाखासाठीचे पीक 70 ते 90 दिवसांत, नर झाडांचा फुलोरा उमलून पराग गळू लागताच कापतात. हाताने काढणी करणाऱ्या प्रदेशांत नर झाडे आधी उपटून वाखासाठी घेतात आणि मादी झाडे दाण्यांसाठी मागे ठेवतात. अल्पभूधारकासाठी ही रीत आजही उपयोगी आहे.

कापल्यावर खरे कौशल्य लागते ते सडवण्यात. साल गाभ्याला एका डिंकासारख्या द्रव्याने चिकटलेली असते आणि ते द्रव्य सूक्ष्मजीवांकडून खाववावे लागते. दव पडणाऱ्या प्रदेशांत खोडे शेतातच पातळ पसरून दोन ते पाच आठवडे ठेवतात आणि मधे उलटतात. दव कमी पडले तर साल सुटत नाही आणि परतीचा पाऊस बसला तर वाखच कुजतो. पाण्यात बुडवून सडवल्यास काम एक-दोन आठवड्यांत होते आणि वाख अधिक एकसारखा निघतो, पण त्या पाण्यातला प्राणवायू संपतो, दुर्गंधी सुटते आणि मासे मरतात. त्यामुळे ओढ्यात, गावतळ्यात किंवा शेततळ्यात हे करू नये. वेगळी टाकी बांधावी आणि वापरलेले पाणी शेतात सोडण्याआधी काही दिवस उघडे ठेवावे. सडवलेली खोडे 15 टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्यापर्यंत वाळवूनच त्यांचे गठ्ठे बांधावेत, नाहीतर गठ्ठ्याच्या पोटात बुरशी धरते आणि गिरणीवाला संपूर्ण गाडी परत पाठवतो.

महाराष्ट्रात आज काय करता येईल

परवाना व्यवस्था येईपर्यंत हात बांधून बसण्याची गरज नाही. वाखाच्या पिकाचे जवळपास सर्व कौशल्य अंबाडीवर आणि तागावर शिकता येते, आणि ही दोन्ही पिके आपल्या मातीतली, कायद्याच्या कसल्याही अडथळ्याविना घेता येणारी आहेत. विदर्भ-मराठवाड्यात बांधावरच्या अंबाडीचा वाख काढून दावी, कासरे आणि चऱ्हाटे वळणारी माणसे अजून आहेत. त्यांच्या हातात जे ज्ञान आहे ते कोणत्याही चित्रफितीत नाही. एखाद्या शेतकरी गटाला पुढे भांगेचा विचार करायचा असेल, तर त्याने या खरिपात पाच गुंठे अंबाडी दाट पेरावी, उगवण चाचणी वर सांगितल्याप्रमाणे घ्यावी, मजुरीचा प्रत्येक तास वहीत लिहावा आणि फुलोरा येताच कापून सडवून पाहावी. या वहीतून एकरी मजुरीचा जो आकडा हाती येईल, तोच पुढे कोणत्याही कंपनीच्या प्रस्तावाशी ताडून पाहण्याचे माप ठरेल.

सडवण पुरी झाली की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. सहाव्या-सातव्या दिवसापासून रोज टाकीतून एक खोड काढावे, धुवावे आणि बुडख्याकडून वीतभर अंतरावर मोडावे. साल गाभ्यावर ताणून धरत असेल आणि सोलताना तिला हिरवट चिकटा राहत असेल, तर खोड परत पाण्यात टाकावे. गाभा कट्‌कन मोडून साल सबंध राहिली, आणि ती अंगठ्याने रेटताच शेंड्यापर्यंत एका पट्टीत सुटून आली, तर त्याच दिवशी सगळी खोडे बाहेर काढावीत. दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. एका दिवसाच्या उशिराने वाख काळपट पडतो आणि ओढला की तुटतो.